आषाढातला नवरा

बाईचं लग्न होत नाही तोवर जग तिला विचारतं, का नाही झालं. झालं की विचारतं, खरंच झालं का. संयोगिताच्या बाबतीत मी दोन्ही प्रश्न कानांनी ऐकले, आणि दुसरा तर माझ्याच तोंडाने भाषांतर करून तिला विचारला. त्याचा राग अजून गेलेला नाही. जाऊही नये.

बेंगळुरात बनशंकरीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे. भाड्याने द्यायची म्हणून बांधली, आणि संयोगिता तिथे आली ती जवळजवळ वीस वर्षं राहिली. गाव निपाणीजवळचं. बेळगावात दंत-तंत्रज्ञाचा डिप्लोमा करून इथल्या एका दातांच्या लॅबमध्ये लागली. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात आणि ही त्यावरून कवळ्या, कॅपा, ब्रिज करते. माझी खालची कवळी तिच्याच हातची. त्याआधीची, मी बोलायला लागले की टाळ्या वाजवायची.

वडील ती शाळेत असतानाच गेले. आई ठकुबाई, पाठचे दोन भाऊ. त्या भावांची शिक्षणं, त्यांची लग्नं, घरावरची कौलं काढून घातलेला स्लॅब, सगळं बेंगळुरातल्या लोकांच्या पडलेल्या दातांवर झालं. हिला स्थळं यायची ती ‘पोरगी शहरात एकटी राहते’ म्हणून परत जायची. एकटी राहून पैसे पाठवते म्हणून भावांचं भागतंय, हे मात्र कोणाला खटकत नव्हतं. पुढे वयामुळे स्थळं येणंच थांबलं. तेव्हा भाऊ म्हणाले, ‘अक्काला काय कमी हाय? मजेत हाय की.’

ती मजेत होतीही, हे कबूल करायला हवं. रविवारी ताटलीएवढी तट्टे इडली खाऊन यायची, मंगळवारी राहुकाळात देवळात लिंबाच्या सालीतला दिवा लावायची, आणि जिना चढता चढता मला ऐकवायची, ‘मावशी, माझा विश्वास न्हाई हं. स्वल्प सवय झालीय, एवढंच.’ संयोगिताचा कशावरच विश्वास नसतो आणि ती सगळं करते. हा तिचा स्वभाव. पुढे जे झालं ते ह्या स्वभावामुळेच.

लॅबमध्ये खोटे दात कापून घडवायचं नवं परदेशी यंत्र आलं, आणि ते बसवायला कंपनीने योनासला पाठवलं. उंच, घटस्फोटित, चव्वेचाळीस वर्षांचा, बोलायला हळू. (देशाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. सगळ्याच देशांच्या व्हिसाच्या खिडक्या एकाच सुताराने केलेल्या असाव्यात.) दिवाळी होती. संयोगिताने लॅबमध्ये आईने पाठवलेल्या चकल्या वाटल्या आणि ह्या गृहस्थाने ठकुबाईच्या हातची चकली खाऊन दाढ फोडून घेतली. ती दाढ संयोगितानेच केली, त्याच्याच यंत्रावर. बसवायला एकदा भेटला, घासायला एकदा, मग काही कारण नसताना आमच्या जिन्यावर. त्याने इथलीच दोन वर्षांची नेमणूक मागून घेतली. मी हे सगळं गॅलरीतून पाहत होते.

ठकुबाईंनी लग्नाला एवढ्या लवकर होकार दिला की मला संशयच आला. मला फोन करून म्हणाल्या, ‘अक्का, जावई गोरा असू दे, काय बी खाणारा असू दे. माझं म्हणणं एकच. लगीन आमच्या रीतीनं, आणि लग्नाच्या फुडचंबी सगळं रीतीनं.’ त्या ‘फुडचंबी’मध्ये आषाढ दडून बसला होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात नव्या नवरीने सासरी राहायचं नाही. सासू-सुनेने त्या महिन्यात एका उंबऱ्यातून ये-जा केली तर सासूला वाईट, असं म्हणतात. म्हणून मुलगी माहेरी, आणि नवऱ्याने तोंड दाखवायचं नाही. सीमाभागातल्या आपल्या लोकांत आहे, कन्नड लोकांत तर आहेच. आमच्या गल्लीत दर आषाढात एखादा नवा नवरा दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, एकटाच जेवताना दिसतो.

लग्न जेठात झालं, निपाणीत, आणि दोघं गच्चीवरच्या खोलीत राहू लागली. तीन आठवड्यांत ठकुबाईंनी गाडी पाठवली. मी फोनवर त्यांना म्हटलं, ‘अहो, हिची सासू साता समुद्रापलीकडे. ती आयुष्यात भारतात आलेली नाही. कुठला उंबरा आणि कुठलं काय?’

‘ती लांब हाय हे आषाढाला काय ठावं, अक्का?’

मी संयोगिताला म्हटलं, तू तरी नाही म्हण. ती साडीच्या घड्या घालत म्हणाली, ‘माझा विश्वास न्हाई हो. पण आईनं एवढं मोठं मान्य केलं, मी एवढंसं न्हाई करायचं?’ महिन्याची रजा टाकून गेली. योनास रात्री माझ्याकडे जेवायला. पहिल्या दिवशी वरण-भात कालवत त्याने विचारलं, ‘ती माझ्यावर रागावली आहे का?’ मी समजावून सांगितलं. तो घास खाली ठेवून म्हणाला, ‘म्हणजे हे माझ्या आईच्या तब्येतीसाठी आहे. मग मी तिला कळवायला हवं.’ शनिवार-रविवारी तो पाठीला बॅग लावून नाहीसा व्हायचा. मला वाटायचं, डोंगर चढतो. त्या लोकांना डोंगर दिसला की राहवत नाही.

पुढे त्याची इथली नेमणूक संपली. कंपनीने परत बोलावलं. तो गेला, आणि संयोगिताने बायको म्हणून तिकडे जायचा अर्ज केला. अर्ज नाकारला गेला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून, म्हणजे वर्ष गेलंच. आणि एक्केचाळिसाव्या वर्षी लग्न केलेल्या बाईकडे वाया घालवायला वर्षं नसतात. ते मूल वगैरे मी काही बोलत नाही, ज्याचं त्याला. पण दोन माणसांनी एका घरात राहावं, एवढीच तर गोष्ट होती. मुलाखत ठरली. अर्जात मातृभाषेच्या रकान्यात हिने मराठी लिहिलं होतं. वकिलातीने कळवलं की मराठीचा दुभाष्या आमच्याकडे नाही, नात्यात नसलेलं कोणी तरी घेऊन या. म्हणून मी.

‘कन्नड का नाही लिहिलंस?’ मी चिडले. ‘त्यांच्याकडे कन्नडचे ढीगभर असतील.’

‘कन्नडात मी नुसतं भांडतो, मावशी. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी. असलं बोलायला मराठीच पायजे.’ तिच्या गावाकडे बायकाही ‘मी भांडतो’ म्हणतात. वीस वर्षांत मला त्याचं काही वाटेनासं झालं आहे.

वकिलातीच्या इथल्या कचेरीत दुपारची वेळ दिली होती. दारावर माझी छत्री, पाण्याची बाटली आणि पर्समधली सुपारी काढून घेतली. सुपारीने काय स्फोट होणार होता देव जाणे. आत थंडगार हॉल, जमिनीला खिळवलेल्या खुर्च्या, आणि प्रत्येकाच्या मांडीवर लग्नाचा अल्बम. शेजारी सर्जापूर रोडवरची एक मुलगी होती. नवऱ्याबरोबरच्या चार वर्षांच्या गप्पा छापून, बाइंड करून आणल्या होत्या. मी म्हटलं, ‘भांडणंही आहेत का यात?’ ती म्हणाली, ‘आँटी, वकिलानेच सांगितलं, भांडणं ठेवा, जेन्युइन वाटतं.’ मला गरगरलं.

संयोगिताने इरकली नेसली होती, आणि मंगळसूत्र स्वेटरच्या वर काढलं होतं. ‘आत घाल ते,’ मी म्हटलं. ‘पदक आहे का?’

‘असू द्या. दिसू दे त्यांना.’

खिडकीच्या काचेपलीकडे पस्तिशीची बाई होती. तिच्याच देशाची. सभ्य. सभ्य माणसांचा राग करणं अवघड जातं म्हणून मला जास्तच राग येतो. तिने माझ्याकडून इंग्रजीत वदवून घेतलं की जे बोललं जाईल तेच मी सांगेन, कमी नाही, जास्त नाही. आणि सुरुवात केली.

भेट कुठे झाली. स्वयंपाक कोण करतं. नवरा सकाळी चहा घेतो की कॉफी. पलंगाच्या कोणत्या बाजूला झोपतो. मला विचारलं असतं तर मी पन्नास वर्षांच्या संसारानंतरही दोन उत्तरं चुकवली असती. नवऱ्याच्या अंगावर काही खूण?

‘खालची उजवीकडची दाढ खोटी हाय,’ संयोगिता म्हणाली. ‘मीच केल्या. रंग स्वल्प पिवळा ठेवलाय, बाकीच्यांना मॅच व्हावा म्हणून. त्याला सांगू नका.’

मी तसंच सांगितलं. बाईने लिहून घेतलं. चेहऱ्यावरची माशीही हलली नाही.

मग तिने कागद उलटला. ‘लग्नानंतर तुम्ही सलग एकत्र राहिलात का?’

मी मराठीत विचारलं. संयोगिताने एकदा माझ्याकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं, आणि म्हणाली, ‘व्हय. सोबतच होतो.’

हिला गाडीत बसवून दिली ती मीच. महिनाभर तिच्या नवऱ्याला आमटी वाढली ती मीच. आणि ही माझ्या समोर, माझ्याच तोंडाने, परक्या सरकारला खोटं सांगतेय! कारणही मला लगेच कळलं. लाज. गोऱ्या बाईला आषाढ कसा सांगायचा? ती म्हणेल अडाणी. अगं, पण म्हणू दे ना! वचन दिलं होतं म्हणून मी गिळलं आणि इंग्रजीत म्हटलं, होय, सोबतच होतो.

‘तुमच्या नवऱ्याची मुलाखत तिकडे झाली आहे,’ बाई म्हणाली. ‘त्यांनी सांगितलं की लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात तुम्ही आईकडे निघून गेलात आणि महिनाभर तुमची भेटच झाली नाही. तुमच्या दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?’

मी हे मराठीत सांगितलं, आणि वर माझ्या पदरचंही सांगितलं. ‘मूर्ख आहेस का? खरं सांगून टाक!’ आणि मग मला थांबवेना. बाईकडे वळून मी आषाढ सांगायला लागले. सासू, सून, उंबरा, पंचांग, हेब्बाळच्या आयटीतली माझी भाचेसून, जी कॉम्प्युटरवर जगाचा हिशेब ठेवते आणि तिलाही पहिल्या आषाढात हुबळीला पाठवलं होतं. ह्याला विभक्त होणं म्हणत नाहीत, ही आमच्याकडे लग्न खरं असल्याची खूण आहे, खोट्या लग्नासाठी कोण एवढा उपद्व्याप करेल, वगैरे.

बाईने हात वर केला. ‘मॅडम, त्या काहीच बोललेल्या नाहीत. तुम्ही मात्र केव्हाच्या बोलताय. पुन्हा असं झालं तर मुलाखत थांबवावी लागेल.’

माझी कानशिलं तापली. नोकरीत तीस वर्षं मी कारखान्यात इन्स्पेक्शनला होते, यंत्रांचे भाग पास की नापास ते अहवालात लिहायचे. मला कोणी असं गप्प केलेलं नाही. पण थांबवावी लागेल म्हटल्यावर गप्प बसले.

संयोगिता खाली मान घालून बसली होती. मग म्हणाली, ‘मावशी, जरा कान बंद करा.’

‘कान बंद करून भाषांतर कसं करू?’

‘मग ऐका. पण आईला सांगायचं न्हाई.’ आणि ती सरळ काचेकडे बघून बोलायला लागली. ‘मी खोटं न्हाई बोललो. आषाढात मी आईकडं होतो, आणि सोबतबी होतो. हा रातभर गाडीत बसून दर शनिवारी निपाणीला यायचा. स्टँडजवळ लॉज हाय. मी आईला सांगायचो, तिथल्या दातांच्या डॉक्टरकडं काम हाय. आणि जायचो.’

डोंगर! मी मनात म्हटलं. म्हणे डोंगर! पण तोंडाने मात्र शब्द न् शब्द इंग्रजीत सांगत होते. लग्नाच्या नवऱ्याला लॉजवर चोरून भेटायला जाणारी बाई, आणि तिची ती गोष्ट साडी सावरत परदेशी अधिकाऱ्याला सांगणारी मी.

‘मग तुमच्या नवऱ्याने ते का नाही सांगितलं?’

‘मी गळ्याची शपथ घातलीती. कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं न्हाई. गाव ल्हान हाय हो. आईला कळलं असतं तर तिनं महिनाभर जेवण सोडलं असतं.’

‘गळ्याची शपथ’चं इंग्रजी करताना माझी तारांबळ उडाली. मोडली तर बायको मरते, असं मी सांगितलं. बाईने पेन खाली ठेवलं. टेबलावरचा फोन उचलून नंबर फिरवला. स्पीकर सुरू केला.

योनास घाबराच वाटला. बाईने त्यांच्या भाषेत आपलं नाव सांगितलं असावं. मग बहुधा आम्हाला कळावं म्हणून इंग्रजीत विचारलं, ‘जुलैत शनिवारी-रविवारी तुम्ही कुठे होतात?’

मग तो म्हणाला, ‘मी ह्याचं उत्तर देऊ शकत नाही.’

‘का?’

‘मला बायकोची परवानगी नाही.’

‘उत्तर दिलं नाहीत तर अर्जावर परिणाम होईल, हे तुम्हाला समजतंय ना?’

‘समजतंय,’ तो म्हणाला. ‘तरी नाही.’

असा गाढव! मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याच क्षणी मिठीही मारावीशी वाटली, जी मी कधी कोणाला मारलेली नाही. तेवढ्यात संयोगिता खुर्चीवरून उठली, काचेला दोन्ही हात लावून आपल्या इंग्रजीत ओरडली, ‘योनास! टेल! लॉज टेल! ओथ फिनिश! आय एम नॉट डाइंग!’

हॉलमधले सगळे अल्बम आमच्याकडे वळले.

‘नक्की?’ फोनमधून आलं.

‘नक्की रे बाबा!’ हे मराठीत. त्याला तेवढं येतं.

मग त्याने सगळं सांगितलं. स्टँड, लॉज, जिन्यातला पान थुंकल्याचा वास, खडखडणारा पंखा. बाईने मधेच अडवलं. ‘एकच सांगा. लॉजच्या मॅनेजरने तुम्हाला पहिल्यांदा काय विचारलं?’

‘तुम्ही विचारताय तेच, मॅडम,’ योनास म्हणाला. ‘की आम्ही खरंच नवरा-बायको आहोत का. त्याने लग्नाचे फोटो मागितले.’

बाईने तोच प्रश्न संयोगिताला विचारायला मला सांगितलं. संयोगिता म्हणाली, ‘फोटो दाखव म्हणाला मेला. मोबाईलमधला दाखवला. तर म्हणतो, ह्यात तुमचं तोंड नीट दिसत न्हाई, मुंडावळ्या मधे आल्यात.’

मी भाषांतर केलं. बाईने खाली बघून काही लिहिलं. निर्णय कळवला जाईल म्हणाली. मी विचारलं, ‘नापास करताना कारण लिहिता का? मी लिहीत असे.’ ती म्हणाली, ‘थँक यू, आपलं काम झालं आहे.’

रस्त्यावर आल्यावर मी सुपारीची पुडी परत घेतली आणि तोफ सोडली. ‘लॉज? एक्केचाळीस वर्षांची बाई तू! ज्याच्याशी चारशे माणसांदेखत लग्न लागलं त्याला भेटायला दातांच्या डॉक्टरच्या थापा?’

‘मग काय करायचं होतं? आईला न्हाई म्हणायचं का त्याला?’

‘कोणाला तरी एकाला!’

‘दोघांनाबी व्हय म्हटलं की,’ ती म्हणाली आणि रिक्षाला हात केला. मी जयनगरपर्यंत तिच्याशी बोलले नाही.

पाच-सहा आठवड्यांनी व्हिसा आला. एका वर्षाचा. वर्षानंतर तिकडच्या कुठल्या तरी कचेरीत पुन्हा सिद्ध करायचं आहे की अजून एकत्र राहतात. संयोगिता पासपोर्ट छातीशी धरून माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून रडली. मी रडू दिलं, चहा केला, आणि मग सांगितलं, ‘आता आईला फोन लाव. मी गेल्यावर सांगीन, पत्राने सांगीन, हे चालणार नाही. परक्या सरकारला ठाऊक आहे ते जन्मदात्रीला ठाऊक असू दे.’

तिने लावला. स्पीकरवर, कारण मी ऐकणारच होते. तिने सगळं एका दमात सांगितलं. शनिवार, लॉज, डॉक्टर, थाप. संयोगिताने माझा हात घट्ट धरला.

मग ठकुबाई म्हणाल्या, ‘लॉजात? त्या स्टँडवरच्या घाणीत? आगं येडे, मागली खोली रिकामी हुती की. मागल्या दारानं यायचं, पहाटंच्याला जायचं.’

‘आई! पण आषाढ...’

‘मग? मी काय बघायला बसल्तो व्हय? सांगायचं न्हाई, मागल्या दारानं आणायचं. मी बघितलंच नसतं. तुझ्या बानं तसंच केलंतं.’

संयोगिता माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्या हातून फोन घेतला. ठकुबाईंना सुनवायला माझ्याकडे पुष्कळ होतं, महिनाभराची रजा, दर शनिवारची बस, माझी आमटी, ती काच, ती बाई.

‘ठकुबाई,’ मी म्हटलं, ‘तुम्ही हे आधी सांगितलं असतं तर...’

‘आधी सांगितलं तर रीत कशी ऱ्हाईल, अक्का?’ त्या म्हणाल्या. ‘जावयबापूंची दाढ बरी हाय न्हवं? ह्या खेपंला चकली मऊ केल्या. तिच्यासंगट पाठवतो.’